मोजून ठेवलेली खडी

तलाव बघून झाला असेल तर जरा इकडे वळा. मी खडीचा ढीग बोलतोय. कडेगावच्या रस्त्याकडेला, बाभळीखाली पाच वर्षं पडून आहे.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारने गावोगाव कामं काढली. माळावरचा दगड फोडून मला घडवलं ते भामाबाईंनी आणि त्यांच्या वस्तीतल्या बायांनी. हातोडीचा नेम चुकला की बोट ठेचायचं. चिंधी गुंडाळून त्या पुन्हा बसायच्या. त्याच उन्हाळ्यात, त्याच हातांनी समोरच्या पाझर तलावाची माती वाहिली. म्हणजे आम्ही दोघं एका वयाचे.

पण त्याचं नशीब बघा. पहिलं पाणी साठलं तेव्हा गावातल्या बायांनी खणानारळाने त्याची ओटी भरली. बांधावर सरकारी झाडं लागली. साहेब लोक फोटो काढून गेले. माझ्याकडे पाठ करूनच उभे होते सगळे.

मी जळत होतो. त्याच्यामुळे विहिरींना पाणी वाढलं, हे मला कळतं. तरी म्हशी त्यात डुंबताना दिसल्या की वाटायचं, यंदा हा आटावा.

माझी गरज नव्हती असं थोडंच आहे? दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर बौद्ध वस्तीला सरकारी घरकुलं मिळाली. भामाबाईंनाही एक मिळालं. भिंती आल्या, पत्रे आले, दारं आली. तिथवर जाणारा रस्ता मात्र राहिला. माझ्यापासून वस्ती हाकेच्या अंतरावर, आणि मधे सगळी काळी चिकण माती.

गेल्या पावसाळ्यात भामाबाईंची सून मनुबाई अडली. दवाखान्याला निघालेली बैलगाडी आसापर्यंत रुतली. बाळ गाडीतच जन्मलं आणि गाडीतच गेलं. मी इथून बघत होतो. पलीकडे तलाव तुडुंब भरलेला. त्या दिवसाइतका राग मला त्याचा कधी आला नाही.

मग मला कुणी हात का लावला नाही? मोजमाप झालेल्या खडीवर चुन्याची रेघ मारतात. रेघ मारली की खडी सरकारजमा. पावसाने ती धुऊन गेली की मुकादम सयाजी दर उन्हाळ्यात इमानाने नवी मारतो. इथे रात्री ऊस चोरीला जातो, पण ती रेघ कुणी मोडत नाही.

यंदा मनुबाईला पुन्हा दिवस गेले आहेत. परवा सयाजी चुन्याची बादली घेऊन आला, तर भामाबाई आधीच पाटी भरत होत्या.

"मावशी, ठेव ती. मोजल्याली खडी हाय. सायेब आल्याबिगर खडाबी हलवायचा न्हाई."

"कवा येनार तुझा सायेब?"

"त्येची बदली झाली."

"मग दुसरा?"

"त्येला ह्यो ढीग म्हाईत न्हाई अजून."

"आन तू पाच वर्सं चुना मारत बसलायस व्हय रं? आमची घरंबी सरकारचीच हायती की. हितली खडी तितं टाकली तर सरकारचं काय गेलं?"

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"तुझी नोकरी जाईल. आमचं काय गेलंय ते तू बघितलंस."

त्या दिवशी गाडी ढकलायला सयाजीही चिखलात उतरला होता. त्याने बादली बाभळीखाली ठेवली आणि भामाबाईंच्या डोक्यावर पाटी चढवून दिली.

मग वस्तीतल्या बाकीच्या बायाही पाट्या घेऊन आल्या. आता मी अर्धा वस्तीच्या वाटेवर पसरलोय. माझी ओटी कुणी भरली नाही, फोटोही काढला नाही, आणि तलावाचा हेवा मला अजून वाटतो. पण काल एक रिकामी बैलगाडी अर्ध्या वाटेपर्यंत सरळ गेली. तिथून पुढे अजून नुसती माती आहे.

बाया थकल्यात, मृग तोंडावर आलाय आणि उरलेला मी इथेच पडून आहे. कुठल्या मंजुरीची वाट बघताय? घरात पाटी असेल तर घेऊन या.