तांबू आणि मास्तरांची कविता

मी तांबू बोलतोय. डचांच्या ताब्यातल्या कुरासाव बेटावरचा ढोल. खारवलेल्या माशांचं रिकामं पीप आणि मेंढीचं कातडं, एवढंच माझं कूळ. तरी माझा आवाज साहेबलोकांना खपायचा नाही. पोलीस दिसले की मला चटकन धुण्याच्या टोपलीत दडवत.

माझी मालकीण सिंता म्हातारी. ती एक ओळ फेकायची आणि भोवती उभी असलेली माणसं तिला उत्तर द्यायची. उत्तर आलं नाही तर तिच्या लेखी गाणं फुकट.

तिचा भाचा एलिहियो शाळामास्तर. शाळेत डच शिकवायचा आणि घरी कविता करायचा पापियामेंतूत, आमच्या रोजच्या बोलीत. लोक हसायचे. चुलीपुढची भाषा म्हणे पुस्तकात शोभत नाही. माणसांना आपल्याच जिभेची इतकी लाज का वाटते, हे मला कधी कळलं नाही.

एका रविवारी त्याने शाळेत कवितावाचन ठेवलं. हेडमास्तरांनी बजावलं होतं, लोकांना रुचलं नाही तर पुन्हा परवानगी नाही. बिचाऱ्याने खुर्च्यांच्या सरळ रांगा मांडल्या आणि मला कोपऱ्यात शोभेला ठेवलं. कडक इस्त्रीतली माणसं आली, ताठ बसली. एलिहियोने वाचलं, "समुद्रा, माझा माणूस परत दे." कुणी हूं की चूं केलं नाही. त्याचा चेहरा उतरला. तो कागद आवरू लागला.

तेव्हा सिंता उठली. "कविता झकास आहे रे. पण माणसांना असं खुर्चीत डांबलंस तर ती उत्तर कुठून देणार?"

तिने आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली. मग शेजारणीने सरकवली. बघता बघता सगळे उभे राहिले. सिंताने मला गुडघ्यांत धरलं, एलिहियोने ओळ पुन्हा म्हटली, आणि थाप मारत ती गायली, "देतो बाई, हाक तर मार!" सगळी खोली तेच गाऊ लागली. हेडमास्तरांचा पायही ठेका धरत होता. मला इतका आनंद झाला, की कातडं फाटतंय की काय असं वाटलं.

पुढे काही दिवसांनी मला घेऊन दोघं मासळीबाजारातून चालले होते. एक मासेवाली खवले काढता काढता तीच ओळ गात होती, दुसरी उत्तर देत होती. हे गाणं कुणाचं, एलिहियोने विचारलं.

"कुणाचं म्हणजे? आमचंच. माझी आजी गायची," ती ठसक्यात म्हणाली.

सिंता तोंड उघडणार, तोच एलिहियोने तिचा हात दाबला. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"राहू दे मावशी," तो म्हणाला. "आजीचंच आहे."

आता ती दोघं नाहीत. मी शाळेतच असतो, कातडं सैल पडलंय. वर्गात मुलं आमच्या बोलीत भांडतात, धडे वाचतात, ते ऐकून बरं वाटतं. तुम्हालाही कधी ते गाणं ऐकू आलं आणि आवडलं, तर कवीचं नाव शोधत बसू नका. खुशाल आपलंच म्हणा.