दोन वेटोळी कमी

सेहेचाळिसाव्या वर्षी एखाद्याला गाडी खाली करावीशी वाटली, तर घरच्यांनी त्याचा रक्तदाब तपासावा. माझा कुणी तपासला नाही. बायकोने फक्त विचारलं, "खाली म्हणजे?"

"जमिनीच्या जवळ. स्प्रिंगा थोड्या कापायच्या. गाडी रुबाबदार दिसते."

"पण आत तर तूच दिसणार ना?" ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

मूळ दुखणं ऑफिसातलं. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासणं हे माझं काम. 'मालकाने परस्पर केलेले बदल' या चार शब्दांवर मी कित्येकांना घरी पाठवलंय. तर पार्किंगमध्ये साहेब माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, "ही बघितली की मला छत्री घेतलेली मावशी आठवते." सगळे हसले. मीही हसलो आणि धुसफुसत घरी आलो. गाडी वीस वर्षांची आहे, चौकोनी आहे, चाकांवर जरा उंच उभी राहते, सगळं कबूल. पण मावशी?

त्या उंचीवर बाबांचा मात्र जीव होता. बाबा शाळेत पीटीचे मास्तर. 'ताठ उभे राहा' हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितलं आणि स्वतः पाळलं. दर गुरुवारी मी त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडे नेतो. त्यांची आई लवकर गेली म्हणून बाबांना या मोठ्या बहिणीनेच वाढवलं, आणि तिच्या लेखी ते अजून वाढतच आहेत. तिला घराबाहेर पडवत नाही. ती खिडकीत बसते आणि बाबा गाडीतून कसे उतरतात ते डोळ्यांत तेल घालून बघते. तिने बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी कुणाचा हात धरून उतरशील, त्या दिवसापासून तुझं येणं बंद. माझ्यापायी कुठे पडलास तर मी काय करू?" आत्या बोलते ते करते. गुरुवार बंद म्हणजे भावाबहिणीची भेट बंद.

इतर कुठल्याही गाडीत बाबांना धरून बसवावं आणि धरून उतरवावं लागायचं. आमच्या मावशीची सीट त्यांना बरोबर उंचीला यायची. नुसतं सरकायचं, पाय बाहेर काढायचे आणि उभं राहायचं.

हे सगळं मला माहीत होतं. गाडी खाली गेली की सीटही खाली जाते, एवढं एकच डोक्यात आलं नाही. दावे तपासणाऱ्याचं डोकं.

मेहुणा फरशा बसवतो. त्याच्याकडे ग्राइंडर आहे आणि नाही म्हणायची सवय नाही. रविवारी आम्ही बिल्डिंगच्या मागे गाडी जॅकवर चढवली. हे कसं करायचं त्याचा व्हिडिओ मी जवळजवळ पूर्ण पाहिला होता. मेहुणा स्प्रिंगा काढत असताना मी आपली फुटकळ डागडुजी केली. बाबांच्या बाजूला दारावरचं धरायचं हँडल एका स्क्रूवर लोंबत होतं. जुनी गाडी, काय काय निखळेल सांगता येत नाही. मी स्क्रू आवळले आणि आपण कामाचे आहोत असं वाटून घेतलं.

ठिणग्या उडाल्या, प्रत्येक स्प्रिंगचं एक वेटोळं गेलं. सगळं परत बसवून गाडी जॅकवरून उतरवली. मी पट्टी लावून उंची मोजली. गाडी होती जवळजवळ तिथेच.

"भावोजी, ढिम्म हलली नाही," मेहुणा म्हणाला.

"अजून एक वेटोळं काढ."

पुन्हा जॅक, पुन्हा ठिणग्या, पुन्हा घाम. या खेपेला जरा फरक वाटला. मग गाडी जागेवर लावायला मी ती थोडी पुढे घेतली, थोडी मागे घेतली, आणि ती बसत गेली. बसतच गेली. चाकं मडगार्डच्या आत शिरली. जॅकवरून उतरलेली गाडी थोडी चालवल्याशिवाय आपल्या खऱ्या उंचीवर येतच नाही, हे त्या व्हिडिओत सांगितलं होतं. शेवटी. पहिलं वेटोळंच पुरेसं होतं. कापलेलं परत जोडता येत नाही, हे मात्र व्हिडिओ न बघताही कळलं.

मेहुण्याने वाकून बघितलं. "मांजर जाईल अजून खालून," तो समजुतीने म्हणाला. "बारीक असलं तर."

नव्या स्प्रिंगा मागवल्या, पण एवढ्या जुन्या गाडीच्या त्या यायला वेळ लागणार होता. गुरुवार वेळेवर आला.

"ही काय झाली?" बाबांनी विचारलं.

"खाली केली."

"का?"

"रुबाबासाठी."

बाबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. "टॅक्सीने जाऊ या का?" मी विचारलं.

"टॅक्सीतून उतरवायला कुणीतरी लागेल. अक्का बघते," ते म्हणाले आणि सीटवर बसायला गेले. बसले नाहीत, आदळले.

रस्त्यातला प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचला. गतिरोधकावर गाडी खालून खरवडली तेव्हा बाबांनी फक्त डोळे मिटले. आत्याचं घर आलं. खिडकीत आत्या होती.

बाबांनी पाय बाहेर काढले, हँडल धरलं, जोर केला. परत बसले. पुन्हा जोर केला. मी पळत त्यांच्या बाजूला गेलो आणि नुसता उभा राहिलो. हात द्यावा तर आत्या बघतेय, न द्यावा तर ते तिथेच अडकलेत. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

बाबांनी हात पुढे केला. "धर," ते हळूच म्हणाले. मग मैदानावरच्या आवाजात, खिडकीकडे बघत, "अक्का, या गाढवाने गाडी कापली. जमिनीला टेकवली. धडधाकट माणसालासुद्धा ओढून काढावं लागतं यातून."

आत्याने वाकून गाडी पाहिली, मग मला. "या वयात?"

"हो आत्या."

"मग बघत काय उभा राहिलास? ओढ त्याला नीट. तूच करून ठेवलंयस."

मी ओढलं. बाबांचा सगळा भार माझ्या हातांवर आला. तो भार दोन वेटोळ्यांचा नव्हता.

पुढे स्प्रिंगा आल्या. मी बाबांना सांगितलं, "रविवारी बसवून घेतो. गाडी पहिल्यासारखी उंच होईल."

"कशाला?" बाबांनी पेपर खाली केला नाही. "असू दे तशीच. रुबाबदार दिसते."

मी खाली गेलो आणि त्यांच्या सीटवर बसलो. वर ते हँडल होतं. त्याचे स्क्रू मी आवळले तेव्हा गाडी अजून कापलेली नव्हती. म्हणजे उंच गाडीतूनसुद्धा बाबा कितीतरी गुरुवार त्याला लोंबकळूनच उतरत होते, आणि मी शेजारी बसून फोन बघत होतो. दुसऱ्यांच्या गाड्यांवरचा ओरखडा मला फोटोतसुद्धा दिसतो.

नव्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत. दर गुरुवारी आत्याच्या दारात बाबा हात पुढे करतात आणि खिडकीकडे बघून मला गाढव म्हणतात. आत्याही म्हणते. मी मान खाली घालून ओढतो.

गेल्या गुरुवारी बाबा दमले होते. त्यांनी हात पुढे केला आणि बोलायचं विसरले. खिडकीत आत्या पुढे वाकली होती. मग मीच मोठ्याने म्हणालो, "आत्या, गाढवपणा झाला बघ माझा. गाडी फारच खाली गेली."