माझा सतरावा प्रश्न

मी एक जुनी प्रश्नावली आहे. चार पानं, बेचाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कागदाला कसला आलाय राग? ऐका तर खरं.

पंचवीस वर्षांपूर्वी समाजशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंनी मला तयार केलं. दोन महिने त्या कपडे शिवण्याच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत कामगार बायकांशेजारी बसल्या. कुणी म्हणालं, "बाई, हे काय विचारता, ते विचारा," की त्या लगेच प्रश्न खोडायच्या. तीनदा मला नव्याने टाइप केलं. माझं फार कौतुक झालं, आणि तेव्हा मी त्याला लायकही होते.

बाई निवृत्त झाल्या आणि मी 'प्रमाणित' ठरले. म्हणजे माझ्यातला शब्दही हलवायचा नाही. हलवलाच तर विद्यापीठाच्या समितीची मंजुरी पुन्हा घ्यायची, त्यात वर्ष जातं. म्हणून नुसत्या झेरॉक्स निघतात. बदलते ती फक्त तारीख!

यंदा एक संशोधक मुलगी मला घेऊन घरपोच सामान पोचवणाऱ्या एका बाईंकडे गेली. जिन्याच्या पायरीवर बसून तिने सतरावा प्रश्न वाचला, "तुमचे मुकादम तुमच्याशी कसे वागतात?"

"मुकादम कुठला, ताई? फोनच काम देतो आणि फोनच काढून टाकतो. सोमवारी ॲप उघडलं तर माझं खातंच बंद. का, ते विचारायचं कुणाला? घरात मी एकटी कमावती. हे लिहा ना कुठेतरी."

माझ्यापाशी चौकोन चारच: चांगले, बरे, वाईट, लागू नाही. मुलीने सगळं समासात लिहिलं. शाबास गं, म्हटलं मी.

पण तिचे मार्गदर्शक सर म्हणजे खुर्चीतून न उठता उंटावरून शेळ्या हाकणारे. "समासातलं संगणकात कुठे भरणार? 'लागू नाही' कर."

"पण सर, त्यांचं काम गेलंय."

"ते प्रश्नावलीत नाही."

मान खाली घालून तिने खूण केली. अशाच सगळ्यांच्या खुणा मोजून अहवाल छापून आला: मुकादमाबद्दल एकाही कामगाराची तक्रार नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात त्या बाई कामगार कार्यालयात दाद मागायला गेल्या, तर तिथल्या अधिकाऱ्याने तोच अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. "हे बघा, कुणाचीच तक्रार नाही म्हणतात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्याच तोंडाने त्यांचं तोंड बंद केलं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात. मला जपू नका. माझी मागची बाजू कोरी आहे. ती घेऊन त्या सामान पोचवणाऱ्या बाईंकडे परत जा आणि आधी त्यांचं ऐकून घ्या.