चौथ्या झेंडीची माती

जमीन कधी खोटं बोलत नाही, असं ओमदा कॉफीच्या दुकानात छातीवर हात ठेवून सांगत होता, त्याच वेळी गावाच्या वरच्या अंगाला लझर आपल्या जमिनीला खोटं बोलायला शिकवत होता. झेंडीभोवतीची माती त्याने गुडघाभर उकरून लांब नेऊन टाकली होती. आता गाढवाच्या पाठीवरून गोणी उतरवून तो दुसरीच माती त्या खड्ड्यात ओतत होता.

ओमदा म्हणजे गावातलं सरकार. बंद पडलेल्या शिशाच्या खाणीखालची जमीन तपासायला ट्युनिसहून निधी मंजूर झाल्यापासून त्याची मान आखडली होती. निधी तपासण्यापुरता होता. साफ करायचे पैसे विष सापडल्यावर मागायचे होते. आणि विष सापडलं, की लझरच्या ऑलिव्हच्या तेलाला कुत्रंही तोंड लावणार नव्हतं. तपासणीला आलेल्या इंजिनियर बाईंनी मातीचे नमुने घ्यायच्या जागी त्याच्या झाडांत चार झेंड्या रोवल्या होत्या. तिन्हींची त्याला चिंता नव्हती. चौथी मात्र खाणीच्या ढिगाऱ्याला खेटून होती.

"माझ्या भावाची माती चालते," त्याची बायको साल्हा गोणी धरत म्हणाली. "भाऊ जेवायला आला, की मात्र तुमचं पोट दुखतं."

"तो जेवतो किती ते बघ आधी."

माती डोंगरापलीकडच्या वादी रुम्मान गावची होती. मेहुण्याने, मोंजीने, गोण्या हौसेने भरून दिल्या होत्या.

"न्या दाजी, लागेल तेवढी न्या. आमची याकूत तर मुठीमुठीने खाते. हाणलं तरी खाते. गोड असल्याशिवाय पोर खाईल का?"

मोंजीची दोन वर्षांची नात बांधावर बसून तोंड पुसत होती. लझरही हसला होता.

नमुने गेले. झाडांवरची फळं काळी पडायला लागली तेव्हा इंजिनियर बाई अहवाल घेऊन आल्या. साल्हाने चहा ठेवला.

"काका, सुटलात. तीन झेंड्यांखाली काही नाही."

"आणि चौथी?"

"तिथे शिसं आहे, मर्यादेच्या कितीतरी वर. पण तेवढ्याच तुकड्यात. असं कसं झालं, कळत नाही. तो कोपरा सोडून बाकीच्याला दाखला देते. तेल विका खुशाल."

साल्हा पेल्यात चहा ओतत होती. पेला भरला, तरी ती ओततच राहिली.

लझरने घसा खाकरला. "बाई, खाणीत दगड धुवायचे ते पाणी कुठे जायचं?"

"पलीकडे." बाईंनी नकाशावर बोट सरकवलं. "ढीग तुमच्याकडे टाकले, पाणी वादी रुम्मानकडे सोडलं. का हो?"

लझर दाखल्याच्या कागदाकडे बघत राहिला. त्यावर शिक्का तेवढा बाकी होता. बाईंनी शिक्का काढून त्यावर फुंकर मारली.

"थांबा," साल्हा म्हणाली.

लझरने तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि पुढचं स्वतःच सांगितलं. गाढव, गोण्या, खड्डा, सगळं. सांगताना तो एका हाताने दुसऱ्या हाताची नखं साफ करत होता.

बाईंनी शिक्का पिशवीत ठेवला. "म्हणजे नमुन्यांत हात घातलात. मला चारही बाद करावे लागतील, काका. तेलाचा दाखला नाही मिळणार."

"करा बाद. तिकडचं कधी बघता तेवढं सांगा. तिथे एक पोर ती माती खातं."

साल्हाने तोवर भावाला फोन लावला होता.

"मोंजी, याकूतला आत घे. आत्ता. मातीत सोडू नकोस तिला, दवाखान्यात ने."

फोनमधून मोंजीचं हसू घरभर ऐकू आलं. "काय ताई, दाजींनी घाबरवलं वाटतं? अगं, आमच्या जमिनीत काही असतं, तर सरकारने आम्हाला नसते का दिले पैसे?"

साल्हाने बाईंकडे पाहिलं. बाई नकाशाची घडी घालत होत्या. वादी रुम्मान दुसऱ्या जिल्ह्यात होतं, आणि निधी डोंगराच्या माथ्यापर्यंतच होता.