खालची फळी

सिंधूनं गल्लीभर आधीच सांगून टाकलं होतं, आता माघारीची सोय नव्हती. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी तिच्या पुढच्या खोलीत पोरींसाठी वाचनालय उघडणार होतं. पुस्तकं तिनं वर्षानुवर्षं जमवून पत्र्याच्या पेटीत कोंबली होती. पण पेटीला कोण वाचनालय म्हणणार? म्हणून पंचायत समितीतल्या आपल्या पगारातून तिनं ऑनलाइन कपाट मागवलं. उंच, उघडं, फोटोत तर असं झकास की बघतच राहावं.

आलं काय, तर एक चपटं खोकं!

"हे कपाट हाय?" सासूबाई केवळाबाईंनी खोक्याला पायानं ढोसलं. "ह्याच्यात माझं लुगडं मावायचं न्हाई."

केवळाबाईंचा वाचनालयाला विरोध होता, पण पुस्तकांवर त्यांचा काही राग नव्हता. दुखणं एकच, पाणी. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं, आणि गल्लीत टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. केवळाबाई स्वैपाकघरात पिंपाशेजारी अंथरूण टाकून झोपायच्या. "पोरी येतील, बसतील, अन् तहान लागली की पाणी मागतील. तवा काय पुस्तक पाजशील?" असं त्यांनी सुनेला तोंडावर विचारलं होतं.

"आपापली बाटली आणतील, आत्याबाई," सिंधू म्हणाली खरी, पण ते तिचं तिलाच पटलं नव्हतं. ज्यांच्या घरी प्यायची मारामार, त्या पोरी बाटली कुठून भरणार?

खोकं उघडून तिनं फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. जयंतीच्या आदल्या दुपारी नवरा रामकिशन एसटीची ड्युटी संपवून आला, तशी दोघं कंबर कसून बसली. रामकिशन कंडक्टर. उदगीरच्या गाडीत दुप्पट माणसं बसवणारा गडी, त्याला चार फळ्यांचं काय कौतुक!

कागद निघाला. त्यावर अक्षर म्हणून नाही, नुसती चित्रं. चित्रातला टकला माणूस आपला हसून राहिला होता.

"घ्या! वाचनालयाचं कपाट, अन् वाचायला कायबी न्हाई," असं म्हणून रामकिशननं कागद बाजूला सारला आणि सरळ हातोडी उचलली.

अरे बाबा, चित्र तरी बघ! पण नाही. ठोकाठोकी ऐकून शेजारचे मलप्पा आले. निलंग्याकडचे, कपाळावर विभूती, दुसऱ्याच्या कामात शिरायची भारी हौस.

"अय्यो, हातोडी कशाला? हे पिळायचं असतंय!"

मग काय, एकानं धरायचं, दुसऱ्यानं पिळायचं आणि तिसऱ्यानं 'उलटं, उलटं' म्हणून ओरडायचं. वाकडी किल्ली सारखी हातातून निसटत होती. लाकडी खुंट्या गहू सांडावा तशा खोलीभर सांडल्या. शेवटी सांगाडा उभा राहिला आणि सिंधूनं लहान पोरीगत टाळ्या पिटल्या. पिटता पिटता हात थांबले. एका बाजूची गुळगुळीत कड भिंतीकडं गेली होती आणि भुसा दिसणारी कड पुढं आली होती.

"काढा सगळं," ती म्हणाली.

"लोक काय मागून बघणार हाईत का?" रामकिशन वैतागला.

"अहो, पुढूनच दिसतंय ते! काढा म्हणते ना."

आता कागद सिंधूनं हातात घेतला आणि दोघा बाप्यांना कामाला लावलं. पदर खोचलेला, केसांत भुसा, घामानं निथळलेली, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. हिला एवढा हुरूप आपल्या लग्नातही आला नव्हता, असं रामकिशननं मलप्पांना सांगून टाकलं. एकेक फळी चपखल बसत गेली. कपाट भिंतीला घट्ट आवळून झालं. राहिली फक्त सगळ्यात खालची फळी.

ती मात्र सापडेना. खोकं झटकलं, पलंगाखाली वाकून बघितलं, मलप्पांना बसल्या जागेवरून दोनदा उठवलं.

"कंपनीनं फसवलं!" रामकिशननं फोन काढला.

घसा कोरडा पडला म्हणून सिंधू पाणी घ्यायला आत गेली, तर फळी पिंपावर! वर वरवंटा ठेवलेला.

"झाकण तडकलं होतं," केवळाबाई म्हणाल्या. "भिंतीला चांगली फळी दिसली, ठेवली. पाण्यात धूळ पडू द्यायची का?"

सिंधूनं फळी उचलली. खालून ती पुरीसारखी टम्म फुगली होती आणि बोटाला भुसा लागत होता. आता ती कुठल्या खाचेत बसणार! सिंधूच्या डोक्यात तिडीक गेली.

"तुम्हाला माझं वाचनालय नकोच होतं, आत्याबाई! सरळ सांगायचं, फळी कशाला भिजवली?"

"भुशाच्या फळ्या करतेत, हे मला काय ठाव?" केवळाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "मी लाकूडच समजले."

सिंधूला आपलंच बोललेलं लगेच लागलं, पण शब्द काही परत घेता येईना. बाहेर येऊन तिनं पुस्तकं लावली. वरचे कप्पे भरून असे देखणे दिसले की मलप्पांनी हात जोडले. खाली मात्र दात पडल्यासारखी रिकामी जागा आणि उघडी फरशी. तिथं जुन्या साडीचा पडदा लावू, असं तिनं ठरवलं.

सकाळी फोटोला हार घातला, त्रिसरण झालं, आणि पोरी आल्या. कुणाच्या हातात पाव बाटली, कुणाच्या हातात तीही नाही. त्यांच्यात मलप्पांची नात शिवकन्याही होती. सिंधू पडदा शोधत होती, तेवढ्यात स्वैपाकघरातून केवळाबाई आल्या. अंगावर पांढरं लुगडं, कमरेवर भरलेला माठ. खाली बसून त्यांनी तो कपाटाच्या रिकाम्या जागेत, फरशीवर चुंबळ घालून टेकवला. वर झाकण आणि दांड्याचा पेला ठेवला.

"पिंपातलं पाणी, आत्याबाई?" सिंधूला खरंच वाटेना.

"मग काय स्टेशनावरून आणू?" केवळाबाई गुरगुरल्या आणि पोरींकडं वळल्या. "मी तुमच्याएवढी होते तवा विहिरीपाशी खाली ओंजळ धरून उभी राहायची. वरून कुणी ओतलं तर प्यायचं. न्हाई ओतलं, तर तसंच घरी जायचं. ह्या घरात कुण्या पोरीनं पाणी मागायचं न्हाई. आपल्या हातानं घ्यायचं."

सिंधूचे डोळे भरून आले. रात्रभर अडकलेलं तिनं सगळ्यांसमोर बोलून टाकलं, "चुकले मी, आत्याबाई."

"बस, बस. पोरींना पुस्तकं दे."

पोरी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग शिवकन्या पुढं झाली. तिनं झाकण काढलं, स्वतःच्या हातानं पेला बुडवला आणि उभ्या उभ्याच घटाघटा प्यायली.

केवळाबाई तिच्याकडं बघत होत्या. थेंब सांडला तरी आज त्या ओरडल्या नाहीत.

"सावकाश पी ग, बाई," त्या म्हणाल्या. "ठसका लागंल."