तेच गाणं दोनदा

“आता हेच गाणं दोनदा वाजणार,” बाबा, म्हणजे माझे सासरे, पुटपुटले. “एकदा ओलं, एकदा वाळवलेलं. मला विचाराल तर दोन्ही सारखंच बेचव.”

मी त्यांच्या पायात मोजे चढवत होते, त्यामुळे ते वाक्य थेट माझ्या डोक्यावर पडलं. सासूबाई दोन हातांवर, संगणकासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी सवयीने “हळू बोला ना” म्हटलं आणि मग आम्ही दोघंही ओशाळलो. हळू बोलायची गरज उरली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून गेली. नुसत्या “हॅलो”वरून त्या माणूस ओळखायच्या. डॉक्टर कुठल्या वॉर्डातून बोलतोय आणि घरून भांडून आलाय का, तेही सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी चांगले स्पीकर घेतले आणि संगणकावर गाणी जमवायचा सपाटा लावला. इतका, की संगणक काठोकाठ भरला. मग माझ्या नवऱ्याने आईच्या वेव्ह फायली, म्हणजे न आवळलेली मूळ गाणी, फ्लॅकमध्ये करून दिल्या; ताडून बघायला दोन-चार वेव्ह तेवढ्या तशाच ठेवल्या. फ्लॅक म्हणजे तेच गाणं, फक्त कमी जागेत नीट आवळून ठेवलेलं. वाजताना ते जसंच्या तसं उलगडतं, त्यातला कणही सांडत नाही. असं नवरा सांगतो.

सासूबाईंना ते काही पटलं नाही.

“घडी घातली की चुणी पडणारच,” त्या म्हणाल्या. “या गायिकेच्या ‘स’ला केवढी धार होती. आणि मागे ती बारीक किणकिण होती, ती तू आवळताना गाळलीस.”

“आई, काही गळत नाही गं. उलगडून मोजलं तर दोन्ही तंतोतंत एक आहेत.”

“मोजायला ते काय कापड आहे? मी ऐकतेय ना.”

हीच मेख होती. त्यांची किणकिण खरंच हरवली होती. कुठे, ते आम्हाला कळायला बाबांना पडावं लागलं.

मी कामावरून येताना सहज डोकावले होते. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तेव्हा बाबा बाथरूमच्या फरशीवर आडवे होते आणि सासूबाई भिंतीपलीकडे डोळे मिटून गाणं ऐकत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. “मी हाक मारलीच नाही,” बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले, “शुद्धच नव्हती मला.” तेच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, आणि सासूबाईंना तर विचारलेलं नसताना, येता-जाता.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. “किती ओरडत होते हो. मला वाटलं नवरा-बायकोचं काहीतरी चाललंय, आपण कशाला नाक खुपसा.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. स्वतःची लाज त्यांनी अशी माझ्या ओटीत टाकली. मी ती घरी नेऊन नवऱ्याला अर्धी दिली. पुढे तिला कोणी हात लावला नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं इथेच राहत होतो. आता बाबा वॉकर धरून चालत होते आणि येत्या आठवड्यात आम्ही आमच्या घरी परतणार होतो. म्हणजे घरात पुन्हा हे दोघंच. मी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता नवऱ्याकडे विषय काढला.

“आईंचे कान तपासायला हवेत. तू सांग त्यांना.”

“तू सांग ना. तुम्ही बायका नीट बोलता.”

“आई तुझी आहे.”

“म्हणूनच तर. कान गेले म्हटलं की ती विचारणार, कशावरून? मग काय सांगू? बाबा ओरडत होते आणि तू गाणं ऐकत होतीस?”

तो ओट्याला टेकला. मग म्हणाला, “आपण टेस्ट घेऊ. एकच गाणं, कधी वेव्ह, कधी फ्लॅक, न सांगता. तिने ओळखायचं. ती चुकणार. मग म्हणू, एकदा कान दाखवून येऊ या.”

“पण दोन्हींत फरक नाही म्हणतोस ना?”

“नाहीच.”

“मग मी बसले तरी चुकेन. तूही चुकशील.”

“हो,” तो म्हणाला. “पण फरक आहे असं तीच म्हणते. मग तिचं तिलाच कळेल. आपल्याला बोलायला नको.”

जगातला कुठलाच कान पास होणार नाही अशा परीक्षेला आम्ही त्या बाईला बसवणार होतो. मी नको म्हणायला हवं होतं. मी नळ बंद केला आणि म्हटलं, “रविवारी घे. चहा झाल्यावर.”

सासूबाई तर खूश झाल्या. रविवारी त्यांनी केस विंचरले, ठेवणीतला चष्मा लावला, जणू मुलाखतीलाच निघाल्यात. नवऱ्याने संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. त्याच्या पाठीमागे कॉटवर बाबा, पुढ्यात वॉकर. समोर खुर्चीत सासूबाई. मी बाजूला कागद-पेन घेऊन.

“झोपलात तर घोरू नका,” सासूबाईंनी बाबांना दम भरला.

“तुझ्या गाण्यात घोरणं कोणाला कळणार आहे,” बाबा म्हणाले.

गाणं सुरू झालं. सासूबाईंनी डोळे मिटले. “फ्लॅक,” त्या ठामपणे म्हणाल्या. “दबलाय आवाज.” चुकलं होतं. दुसऱ्या वेळी, “ही वेव्ह. बघ, किणकिण आली.” तेही चुकलं. तिसरंही. मी कागदावर फुल्या मारत होते आणि नवरा मान खाली घालून बटणं दाबत होता.

बाबा खाकरले. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच. बाबा पुन्हा खाकरले, जरा मोठ्याने. मग त्यांनी वॉकर उचलून फरशीवर आपटला. जमीन हादरली तशा त्या दचकून डोळे उघडून बघायला लागल्या.

“काय झालं?”

“काही नाही. पाय आखडला. तुमचं चालू द्या.”

चौथ्या वेळी बाबा नवऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघताना दिसले आणि मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. वॉकरच्या दांडीवर तो पसरून ठेवलेला होता, पाची बोटं मोकळी. “वेव्ह,” सासूबाई म्हणाल्या. बरोबर. पाचव्या वेळी त्याच हाताची मूठ वळली, गच्च. “फ्लॅक.” बरोबर. आमच्याकडे पत्ते खेळताना या दोघांना कधीच जोडीदार होऊ देत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. नवऱ्याची पाठ बाबांकडे होती, त्याला काही दिसत नव्हतं. तो फक्त पडद्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होता आणि त्याचं तोंड उघडं पडत चाललं होतं.

सुरुवातीला सासूबाई ठसक्यात उत्तरं देत होत्या. पुढे आवाज खाली आला. त्यांनी डोळे मिटणं सोडून दिलं होतं. स्पीकरकडेही बघत नव्हत्या. शेवटी शेवटी तर गाणं नीट सुरू व्हायच्या आतच उत्तर येत होतं, आणि बाबांच्या हातावरची त्यांची नजर हलत नव्हती.

“पहिले तीन सोडले तर सगळी बरोबर,” नवरा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. हे होणं शक्य नाही असं म्हणायचं, तर परीक्षाच खोटी होती हेही सांगावं लागणार होतं. मी कागदाची घडी घालत बसले.

“झालं समाधान?” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. “खणखणीत आहेत तिचे कान. आता तो विषय बंद करा आणि खुशाल जा आपल्या घरी.”

“कानांचा विषय?” सासूबाई म्हणाल्या. “परीक्षा तर फायलींची होती.”

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत सोडून बघण्यासारखं काही नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी स्वतःच गाणं बंद केलं आणि मुलाच्या चेहऱ्याकडे, खरं तर ओठांकडे, बघत विचारलं, “फरक असतो का रे दोन्हींत? खरं सांग.”

“नाही, आई.”

“कोणालाच कळत नाही?”

“कोणालाच नाही.”

त्यांनी मान हलवली. वळल्या आणि कॉटवर बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या. बाबांचा हात अजून दांडीवर होता, शेवटची खूण केलेला, तसाच मूठ वळलेला. त्यांनी तो आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करत राहिल्या. बाबांनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांनी घेऊ दिला नाही.

“त्या दिवशी तुम्ही हाका मारल्या होत्यात,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू आल्या नाहीत.”