आईपुरती जागा

कोल्हारच्या छबूबाईकडे पाहुणा आला की त्याला आधी उभंच राहावं लागे. बाजेवर खताच्या रिकाम्या गोण्या पडलेल्या असत. त्या उचलून ती खुर्चीवर ठेवायची, खुर्चीवरचे डालड्याचे डबे जमिनीवर ठेवायची, आणि मग जमिनीवर पाय कुठे ठेवावा याची पाहुण्याला पंचाईत पडायची.

घर काही लहान नव्हतं. तिचा नवरा सूर्यभान याची कालव्याच्या पाण्यावर ऊसशेती होती. दोन्ही लेकी नांदायला गेल्या होत्या. घरात माणसं दोनच. मागे अंगण होतं आणि अंगणाच्या कडेला शेताकडे खिडकी असलेली एक ऐसपैस खोली. पण त्या खोलीचं दार कित्येक वर्षांत पुरतं उघडलं नव्हतं. विहिरीवर इंजिन बसल्यापासून निकामी झालेली चामड्याची मोट तिथे होती. पेरणीची मोडकी तिफण होती, लेकींचा पाळणा होता, बुडं गेलेल्या घागरी, तडकलेल्या कंदिलाच्या काचा, सायकलची वाकडी चाकं, पाहुण्यांसाठी म्हणून बांधून ठेवलेल्या रजया. सगळ्यांवर बोटभर धूळ.

सूर्यभान कधीतरी वैतागून म्हणे, "अगं, ह्यातलं काय लागतंय आपल्याला?"

"आज न्हाई लागत," छबूबाई म्हणायची, "उंद्या लागंल. टाकायला काय लागतंय? मिळवायला जलम जातो."

तिचं तरी काय चुकत होतं? ती पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावची. लहानपणी तिच्या घरात पाणी प्यायला एकच लोटा होता, आणि शेजारीण तो मागून घेऊन गेली की बाकीच्यांनी ओंजळीनं प्यायचं. बागायतदाराच्या घरात आल्यावर तिनं मनाशी गाठ मारली होती की हातात आलेली वस्तू सोडायची नाही. भीतीनं मारलेली ती गाठ पुढे सवय झाली, आणि ती सवय आता घरात मालकिणीसारखी वावरत होती.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. कोल्हारलाही झळ लागली, पण पाथर्डीकडे तर जनावरांच्या दावणी रिकाम्या झाल्या. दिवाळी झाली आणि एके दिवशी दुपारच्या एसटीनं छबूबाईची धाकटी बहीण राही आली. सोबत त्यांची म्हातारी आई, गोजरबाई. दोघींचं मिळून एकच गाठोडं होतं.

छबूबाईनं आईला मिठी मारली. आई किती हलकी झाली होती! हाडं हाताला लागत होती.

चहा पिता पिता राही म्हणाली, "आक्का, आमी रस्त्याच्या कामावर चाललो, खडी फोडायला. नगरच्या अलीकडं पालं पडल्यात. आईला दमा हाय, तिथं थंडीवाऱ्यात कुठं ठिवू? पाऊस पडंस्तवर तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"हे काय इचारनं झालं? माझीबी आईच हाय ती!" छबूबाई म्हणाली, आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं.

राही निश्चिंत होऊन संध्याकाळच्या गाडीनं गेली.

सूर्यभान म्हणाला, "अंगणातली खोली मोकळी करू. उजेड हाय, वारा हाय. दोन गडी सांगतो उंद्या."

"गडी नकोत. कायबी फेकून देतील. मी करते सवडीनं."

तोवर म्हणून आईचं अंथरूण माजघरात पडलं. एका बाजूला भुशाची पोती, दुसऱ्या बाजूला जुन्या गोधड्यांचा ढीग, आणि मधे माणूस कुशीवर वळेल एवढी पट्टी. पोतं हललं की भुसा उडायचा. गोजरबाईचा खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. ती उठून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढायची. सूर्यभाननं चार वेळा विचारलं. छबूबाईचं उत्तर ठरलेलं होतं: "करते की. उंद्या."

शेवटी त्यानं दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावून आणलं. फिलोमिनाबाई राहात्याकडच्या, गावात पाच-सहा वर्षांपासून होत्या, आणि त्यांना तोंडावर बोलायची सवय होती. त्यांनी म्हातारीची छाती तपासली, गोळ्या दिल्या, आणि मग नजर फिरवून सगळं माजघर पाहिलं.

"छबूबाई, गोळ्या मी देईन. हवा कुठून आणू?"

"म्हंजी?"

"म्हणजे या घरात तुमच्या आईला श्वास घ्यायला जागा नाही. ही धूळ रोज तिच्या छातीत जाते आहे. ती अंगणातली खोली कुणाची?"

"त्यात सामान हाय, बाई."

"कुणाच्या उपयोगाचं?"

छबूबाईला राग आला. "बाई, तुमची नोकरी. आज हितं, उंद्या तिथं, एका पेटीत तुमचा संसार. आमाला चार वस्तू ठिवाव्या लागत्यात. येळ सांगून येत न्हाई."

"वेळ आलेली आहे, छबूबाई!" फिलोमिनाबाईंचा आवाज चढला. "ती तुमच्यासमोर धापा टाकत बसली आहे. अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणून माणूस साठवतो. मग आता अडचण आली, तर तुमचा साठाच आडवा पडलाय. वस्तू घरासाठी असतात की घर वस्तूंसाठी, एवढं तरी ठरवा."

त्या गेल्यावर छबूबाईनं खरोखर पदर खोचला. खोलीचं दार लोटलं, मोट ओढून अंगणात काढली, घागरी काढल्या, पाळणा काढला. मग ती पाळण्यापाशी बसली. थोरलीचं दुसरं बाळंतपण व्हायचं होतं. पाळणा लागेल. घागरींना बूड बसवता येईल. मोटेच्या चामड्याचे जोडे होतील. एकेका वस्तूनं तिला अडवलं, आणि दिवस कलायच्या आत सगळं सामान पुन्हा आत गेलं. गोजरबाई उंबऱ्यात बसून हे सगळं पाहत होती.

चारच दिवसांनी सूर्यभाननं जुनं-मोडकं विकत घेणारा मोडवाला दारात आणला. त्यानं तिफणीला हात घातला मात्र, छबूबाई त्याच्या अंगावर धावून गेली. "माझ्या घरातली काडी हालवायची न्हाई! मी मेल्यावर न्या सगळं!" सूर्यभानही भडकला. गल्लीतल्या बायका दारात आल्या.

तेव्हा आतून आईचा आवाज आला. "जावईबापू, ऱ्हाऊ द्या. छबे, भांडू नको. मला राहीकडं नेऊन घाल."

"तिकडं? पालात?"

"पालात वारा तरी हाय, बाळा."

वाचकहो, इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कडू असली तरी. छबूबाई रडली, आईला दोनदा 'जाऊ नको' म्हणाली. पण आई खरंच निघाली तेव्हा तिच्या मनावरचं ओझं उतरलं. आता खोली उघडायला नको, काही टाकायला नको, कुणाशी भांडायला नको. आईसोबत पांघरूण द्यायचं म्हणून ती ढिगापाशी गेली. चांगल्या रजया पाहुण्यांसाठी होत्या. तिनं हात घालून सगळ्यात विरलेली गोधडी काढली आणि घडी घालून आईच्या हातात दिली.

पौषात थंडी पडली. एका सकाळी राहीचा नवरा पुंजाराम कोल्हारला आला. दारात उभा राहून त्यानं टोपी काढली, आणि छबूबाईला काही विचारायची गरज उरली नाही.

ती त्याच्यासोबत रस्त्याच्या कामावर पोचली. तिथे पालांची रांग लागली होती. गोणपाटाचं छप्पर, तीन दगडांची चूल, आणि बाहेर बाजेवर निष्प्राण गोजरबाई. अंगावर ती गोधडी, तिच्यावर आणखी दोन गोणपाटं. आजूबाजूच्या पालांतल्या बायकांनी रात्री आपापली पांघरुणं म्हातारीच्या अंगावर घातली होती, हे तिथल्याच एकीनं सांगितलं. त्यांच्याकडे तरी काय होतं? पण त्यांनी जागा केली होती.

छबूबाईनं हंबरडा फोडला. राही कोरड्या डोळ्यांनी बसून होती.

"राही, बोल की गं! मला शिव्या दे, पन बोल!"

राहीनं मान वर केली. "काय बोलू, आक्का? तुझ्या घरात फुटक्या घागरीला जागा हुती. मोटंला जागा हुती. आईला नव्हती."

छबूबाईचं रडणं एकदम थांबलं.

दहाव्यानंतर ती घरी परतली ती सरळ अंगणातल्या खोलीत गेली. कुणाला हाक मारली नाही. मोट ओढली, तिफण ओढली, पाळणा बाहेर काढला. त्याला वाळवी लागली होती. हातात घेताच दांडा मोडला. घागरी काठाशी धरल्या तर पत्रा तुटून हातात आला. शेवटी पाहुण्यांसाठी जपलेल्या रजया काढल्या. उंदरांनी आतून कुरतडून त्यांत पिल्लं घातली होती. झटकल्यावर कापसाच्या गुठळ्या आणि लेंड्या खाली पडल्या. ज्या रजया आईला दिल्या नाहीत, त्या कुणालाच द्यायच्या उरल्या नव्हत्या!

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. तिनं जमीन सारवली, खिडकी उघडली. शेतावरून गार वारा आत आला. छबूबाई खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं: हे काम अर्ध्या दिवसाचं होतं. फक्त अर्ध्या दिवसाचं! ती भिंतीला पाठ लावून खाली बसली.

फिलोमिनाबाई भेटायला आल्या. छबूबाईनं विचारलं, "बाई, आता ही खोली मोकळी करून काय उपेग?"

त्यांनी खोटं समाधान केलं नाही. "तुमच्या आईला काही उपयोग नाही. पण कामावर बाळंत होणाऱ्या बायका आहेत, आजारी म्हातारी माणसं आहेत. त्यांनाही कुणीतरी 'उद्या' म्हणतंच आहे."

छबूबाई आधी राहीकडे गेली. "खोली मोकळी केली गं. तू आन् पुंजाराम चला. काम संपंस्तवर तरी ऱ्हावा."

राही हातोडीनं दगड फोडत होती. ती थांबली नाही. "माझी जागा झाली हाय हितं. दुसऱ्या कोनाला ने."

त्या मोसमात अंगणातल्या खोलीत एक ओली बाळंतीण राहिली, मग एक आंधळा म्हातारा आणि त्याची सून. घरातलं चांगलं होतं ते छबूबाईनं त्यांना दिलं, नादुरुस्त होतं ते मोडीत घातलं. माजघरात आता चार माणसं मोकळी बसू लागली. लोक तिला चांगलं म्हणू लागले. तिला ते ऐकवत नसे. पुढल्या वर्षी पाऊस चांगला झाला. राही सणावाराला येऊ लागली, जेवू लागली, हसू-बोलूही लागली. पण संध्याकाळची एसटी तिनं कधी चुकवली नाही. छबूबाईनं 'आज ऱ्हा' म्हटलं की ती म्हणायची, "नको आक्का, घरी जाते." त्या घरात ती पुन्हा मुक्कामाला राहिली नाही.

मंडळी, आपणही दसऱ्याला घर काढतो, भांडी घासतो, आणि सगळं जिथल्या तिथे परत रचतो. आपण त्याला आवराआवर म्हणतो. पण घरातली अडगळ जमिनीवर पडते आणि कुणाची तरी जागा खाते: आजाऱ्याची, आल्यागेल्याची, आपल्याच आईची. जपावं ते वापरण्यासाठी, आणि वापरात नसेल ते ज्याला हवं त्याच्या हाती वेळेवर द्यावं. सामान उद्याही बाहेर काढता येईल. ज्याच्यासाठी जागा करायची, तो माणूस उद्या असेलच असं नाही.